सायकलशर्यतीचा नायक कोण ?

मन्सूर खान यांचा ‘जो जीता वही सिकंदर’ हा बोलपट सन १९९२ मध्यें पडद्यावर आला, त्याला आतां तीन तपें होत आलीं. तरीहि सायकलच्या शर्यतीविषयीं कोणाशीं बोलूं लागलें कीं पहिला दाखला निघतो तो बहुधा याच बोलपटाचा. संजयलाल हा उनाड धाकटा भाऊ, रतन हा गुणी थोरला भाऊ, आणि शेखर मल्होत्रा हा श्रीमंत व मग्रूर प्रतिस्पर्धी, एवढ्या तिघांभोवतीं ती कथा फिरते. रतन जायबंदी होतो, संजय त्याच्या जागीं उभा राहतो आणि शेवटीं शेखरला मागें टाकून शर्यत जिंकतो. बोलपट सुरेख आहे, हें आरंभींच सांगून टाकलेलें बरें. त्यांतील बापलेकांचा आणि भावाभावांचा जिव्हाळा आजहि शिळा झालेला नाहीं. आमची तक्रार त्याच्या कथेबद्दल नाहीं, तिच्यांतील शर्यतीबद्दल आहे. सायकलची शर्यत म्हणजे दोन शूरांचें द्वंद्व, ज्याच्या छातींत दम अधिक तो पुढें, बाकीचे सारे केवळ देखाव्यापुरते, असा एक समज या बोलपटानें प्रेक्षकांच्या दोन पिढ्यांत रुजविला. आणि आमचीं वर्तमानपत्रें तोच समज आज इमानेंइतबारें चालवीत आहेत. शर्यत झाली कीं विजेत्याचें नांव, त्याला लागलेला वेळ, त्याचें छायाचित्र, संपलें. नाटकाचें परीक्षण लिहितांना नायकाचें काम करणाऱ्या नटाचें नांव तेवढें छापावें आणि नाटकांत काय घडलें तें सांगूंच नये, तशांतला हा प्रकार आहे.

कुस्तींत एकास एक असा सामना असतो. रस्त्यावरील सायकलशर्यतीचें तसें नाहीं. तेथें पहिला प्रतिस्पर्धी माणूस नव्हे, वारा. सपाटीवर ताशीं चाळीस किलोमीटर वेगानें जाणाऱ्या स्वाराचें बहुतेक बळ हवा कापण्यांतच खर्ची पडतें. आणि जो पुढच्याच्या मागील चाकापाशीं आपलें पुढचें चाक हातभर अंतरावर ठेवून चालवील, त्याचें चौथाईपासून तिहाईपर्यंत बळ वांचतें. ही एक गोष्ट ध्यानांत आली म्हणजे शर्यतीचें सारें व्याकरण उलगडूं लागतें. पुढें असणें म्हणजे जिंकत असणें नव्हे; पुष्कळदां तें दुसऱ्यासाठीं झिजणें असतें. म्हणूनच व्यवसायी शर्यतींत एकटा माणूस उतरत नाहीं, संघ उतरतो. तीन आठवडे चालणाऱ्या मोठ्या शर्यतींत हा संघ सन २०१८ पासून आठ जणांचा, त्यापूर्वीं नऊ जणांचा असे. आठांतील एक नायक. बाकीचे सात त्याला वाऱ्यापासून झांकतात, मागून येणाऱ्या मोटारीपर्यंत जाऊन त्याच्यासाठीं पाण्याच्या बाटल्या आणतात, त्याचें चाक फुटलें तर आपलें काढून देतात, आणि दुसऱ्या संघाचा कोणी पळाला तर त्याचा पाठलाग करून स्वतः थकून मागें पडतात. निकालांत नांव मात्र एकाचें. भीष्मावर बाण सोडणारा अर्जुन शिखंडीच्या आड उभा होता, हें आपण महाभारतांत वाचतों. त्या दिवसाचें यश कोणाचें, हा प्रश्न शिखंडीला विचारावा असें मात्र कोणाला सुचत नाहीं.

हें व्याकरण पुस्तकांतूनच शिकलें पाहिजे असें नाहीं. कामोठ्याच्या कडेनें जाणाऱ्या शीव-पनवेल रस्त्यावर रविवारीं पहांटे सायकलस्वारांचे जथे दिसतात. वाशीच्या खाडीपुलावर वारा बाजूनें लागला कीं त्यांतील जाणत्यांची सरळ रांग तिरकी होते, कारण आडोसा मग पाठीमागें नसतो, बाजूला असतो. कळंबोलीपासून पुढें द्रुतगतिमार्गावर सायकलला मज्जाव आहे. म्हणून खंडाळ्याकडे जाणारे जथे पनवेल, चौक, खालापूर असा जुना रस्ता धरून खोपोलीला पोंचतात. तेथें रस्ता उभा राहतो. सुमारें पांचशें मीटरांची चढण. वेग निम्म्याहून खालीं येतो, आडोशाचा उपयोग फारसा उरत नाहीं, आणि ज्याचें बळ त्याचें त्याला दिसूं लागतें. मुंबई-पुणें शर्यतींत ‘घाटाचा राजा’ असा वेगळा किताब आहे, त्याचें मर्म हेंच. सपाटीवर संघ चालतो, घाटांत माणूस चालतो. शर्यतीचा सारा डाव म्हणजे, आपल्या माणसाला घाटाच्या पायथ्याशीं इतरांहून अधिक ताजातवाना कसा आणून सोडावा, हा होय.

याच घाटांत शिंगरोबाचें देऊळ आहे. इंग्रजांना घाटाची वाट एका धनगरानें दाखविली आणि वाट सांपडल्यावर त्यांनीं त्याला ठार केलें, तो हा शिंगरोबा, अशी आख्यायिका आहे. येणारेजाणारे तेथें नाणें टाकून पुढें जातात. आख्यायिकेंत इतिहास किती असावयाचा तो असो. घाटरस्ता १८३० सालीं खुला झाला तेव्हां मान गव्हर्नर सर जॉन माल्कम यांचा झाला, आणि वाटाड्याच्या वांट्याला सुटें नाणें आलें, एवढें मात्र आजहि डोळ्यांना दिसतें.

बोलपटाकडे पुन्हां वळूं. ‘सिकंदर’ची तुलना ज्याच्याशीं नेहमीं केली जाते, तो पीटर येट्स यांचा ‘ब्रेकिंग अवे’ हा अमेरिकन बोलपट १९७९ सालचा. अमेरिकेंतील ब्लूमिंग्टन या गांवांतील चार बेकार मित्र विद्यापीठाच्या शर्यतींत उतरतात. ही शर्यत वर्तुळाकार मैदानावरची, चौघांच्या संघाची; एकच सायकल आळीपाळीनें चालवावयाची. नायक डेव्ह हा इटालियन सायकलस्वारांचा इतका भक्त कीं घरांत बापाशींहि तो इटालियन बोलूं पाहतो. परंतु त्या दैवतांबरोबर धांवण्याची संधि मिळाली तेव्हां त्यांतील एकानें त्याच्या चाकांत पंप खुपसून त्याला पाडलें. शेवटच्या शर्यतींत डेव्ह एकट्याच्याच बळावर सगळें अंतर काढूं पाहतो. तो जखमी होतो आणि मग ज्यांना सायकलचें प्रेम नाहीं असे त्याचे तिघे मित्र नाइलाजानें खोगिरावर बसतात. त्यांच्या हातून आघाडी जाते. तेव्हां डेव्ह आपले पाय पायडलांना चिकटपट्टीनें बांधून घेऊन परत उतरतो. दोन्ही बोलपटांत इजा आहे, परंतु इजेचें कार्य किती निराळें आहे पाहा. तिकडे नायकाला इजा होते ती मित्रांना सायकलवर बसविण्यासाठीं. इकडे रतनला इजा होते ती धाकट्याला एकटें पुढें आणण्यासाठीं. रतनच्या मनांत भावाच्या विजयानें आनंदाखेरीज आणखी कांहीं उमटलें असेल काय, हा प्रश्न आमच्या बोलपटानें विचारला नाहीं. तो विचारला असता तर एक चांगली गोष्ट फार चांगली झाली असती.

युरोपांतील शर्यतींचा इतिहास हा मुख्यतः याच प्रश्नाचा इतिहास आहे. तूर द फ्रान्स ही शर्यत १९०३ सालीं सुरू झाली ती ‘लोतो’ या वर्तमानपत्राचा खप वाढविण्यासाठीं. तिचा जनक आंरी देग्रांज हा त्या पत्राचा संपादक. या गृहस्थाची शर्यतीविषयींची कल्पना आमच्या बोलपटासारखीच होती. माणूस, त्याचें यंत्र आणि रस्ता. चौथ्याचा संबंध नाहीं. १९११ सालीं मॉरिस ब्रोको हा स्वार दुसऱ्याला मदत करून पैसे मिळवितो असा देग्रांजला संशय आला, तेव्हां त्यानें त्याला आपल्या पत्रांतून ‘घरगडी’ अशी शिवी हांसडली. गंमत अशी कीं, पुढें त्या शिवीचाच हुद्दा झाला, आणि आज संघांतील साहाय्यक स्वार हा फ्रेंच शब्द आपल्या नांवापुढें अभिमानानें लावतात. १९१३ मध्यें यूजेन क्रिस्तोफ याच्या सायकलचा पुढचा चिमटा पिरेनीज पर्वतांत मोडला. सायकल खांद्यावर टाकून तो दहा किलोमीटरांहून अधिक चालत गांवांत उतरला आणि लोहाराच्या भट्टीवर त्यानें स्वतःच्या हातांनीं चिमटा जोडला. शर्यतीचे अधिकारी शेजारीं उभे राहून पाहत होते. भाता मारण्यास एका पोरानें हात लावला, म्हणून क्रिस्तोफला वेळेचा दंड झाला ! स्वावलंबनाचें तत्त्व हास्यास्पद व्हावयास किती थोडें पुरतें, याचें याहून चांगलें उदाहरण आम्हांस ठाऊक नाहीं. वाऱ्यानें देग्रांजला अखेर हरविलें. माणसें एकमेकांच्या आड लपणारच, आणि लपणारीं माणसें करार करणारच; १९३० सालीं त्याला राष्ट्रवार संघ मान्य करावे लागले.

त्यानंतर चारच वर्षांनीं या शर्यतींतील सर्वांत प्रसिद्ध चित्र निर्माण झालें. रने व्हिएतो हा वीस वर्षांचा फ्रेंच पोरगा. पर्वतांत त्याला गांठणारा कोणी नव्हता. त्याच्या संघाचा नायक आंतोनँ मान्ये याचें चाक मोडलें. व्हिएतोनें आपलें चाक काढून दिलें. दुसऱ्या दिवशीं पुन्हां तोच प्रसंग. या वेळीं व्हिएतो पुढें निघून गेला होता, तो चढणीवरून उलटा फिरला, मागें आला आणि त्यानें आपली सायकल नायकाच्या हवालीं केली. रस्त्याकडेच्या दगडी कठड्यावर बसून मदतीच्या मोटारीची वाट पाहणारा, रडवेला झालेला तो पोर छायाचित्रांत अमर झाला. १९३४ ची ती शर्यत मान्येनें जिंकली. व्हिएतो पांचवा आला आणि पर्वतांचा विजेता ठरला.

या चित्रावर त्यागाचें एक आख्यान उभें राहिलें आहे, आणि टीकाकारानें सावध व्हावें तें येथेंच. त्या चाकामुळें व्हिएतोची शर्यत हुकली, असें लोक म्हणतात. वस्तुतः पर्वत येण्यापूर्वीं सपाटीवरच्या टप्प्यांत त्याचा पुष्कळ वेळ गेलेला होता. दुसरें असें कीं, त्याच्या डोळ्यांतील पाणी हें त्यागाच्या धन्यतेचें आहे असें मानण्यास आधार काय ? आम्हांस तर त्या चेहऱ्यावर संताप दिसतो. आपण याहून चांगले आहों हें ज्याला कळून चुकलें आहे आणि तरीहि ज्याला कठड्यावर बसून राहावें लागतें आहे, अशा माणसाचा तो चेहरा आहे. ज्यानें सुखानें दिलें तो रडत कशाला बसेल ? करुणरस म्हणून जें खपतें त्याच्या पोटांत येथें रौद्र आहे, आणि म्हणूनच तें चित्र नव्वद वर्षांनंतरहि जुनें होत नाहीं. हनुमंताचें दास्य थोर खरें, पण त्यांत नाट्य नाहीं, कारण रामाच्या सिंहासनावर बसण्याची इच्छा त्याला कधींच झाली नाहीं. नाट्य लक्ष्मणाजवळ आहे, विभीषणाजवळ आहे, कर्णाजवळ तर आहेच.

परंतु या विषयाचें खरें महाकाव्य इटलींत झालें. १९४० च्या इटलीच्या प्रदक्षिणेंत जीनो बार्ताली हा नायक होता आणि फाउस्टो कोप्पी हा वीस वर्षांचा पोर त्याच्या चाकरींत नव्यानें दाखल झालेला. आरंभींच्या एका टप्प्यांत कुत्रा आडवा येऊन बार्ताली पडला, मागें राहिला. आणि चाकर पुढें निघून गेला. पुढें पर्वतांत कोप्पीचा धीर खचला तेव्हां याच बार्तालीनें त्याला शब्दांनीं डिवचून, हाताशीं धरून पार नेलें. कोप्पी जिंकला. त्या उपकाराचें ओझें दोघांनाहि जन्मभर पेलवलें नाहीं. युद्ध संपलें, दोघे निरनिराळ्या संघांचे नायक झाले, आणि देशाचेहि दोन तट पडले. धार्मिक, जुन्या वळणाची इटली बार्तालीची, आणि नवी, नास्तिक, यंत्रप्रिय इटली कोप्पीची. १९४८ सालीं हॉलंडांत व्हाल्केनबुर्ख येथें जागतिक अजिंक्यपदाची शर्यत झाली. तेथें दोघांच्या अंगावर एकच राष्ट्रीय जर्सी होती. दोघांनीं काय केलें ? एकमेकांवर नजर ठेवली. तो हलला तर मी हलेन, नाहीं तर नाहीं. बाकीचे पुढें निघून गेले, आणि हे दोघे युगपुरुष शर्यत सोडून कपडे बदलावयास गेले. त्यांच्या संघटनेनें दोघांनाहि कांहीं काळ शर्यतबंदीची शिक्षा केली. जिंकण्याची इच्छा पुरी करतां येत नसेल तर निदान दुसऱ्याची होऊं द्यावयाची नाहीं, ही आकांक्षेची शेवटची पायरी. ती इतक्या उघडपणें क्वचितच कोणीं चढून दाखविली असेल.

दुसऱ्या वर्षीं तूर द फ्रान्ससाठीं दोघांना एका संघांत घ्यावयाचें होतें. व्यवस्थापक आल्फ्रेदो बिंदा. स्वतः मोठा स्वार, आणि त्याहून मोठा मुत्सद्दी. त्यानें दोघांना एकत्र आणण्यासाठीं किती वाटाघाटी केल्या असतील त्या त्यालाच ठाऊक. शर्यतींत १८ जुलै १९४९ हा दिवस उजाडला. ईझोआर घाट ओलांडून दोघेच पुढें आले. त्या दिवशीं बार्तालीला पस्तिसावें वर्ष पुरें होत होतें. कोप्पीनें टप्पा त्याला दिला आणि पिवळी जर्सी बार्तालीच्या अंगावर चढली. दुसऱ्या दिवशीं आओस्ताच्या वाटेवर बार्ताली मागें पडला, त्याचें चाक फुटलें, तो घसरला. आणि कोप्पी पुढें गेला तो पॅरिसपर्यंत पुढेंच राहिला. हा उदारपणा कीं हिशेब ? आमच्या मतें दोन्ही, आणि दोन्ही एकाच वेळीं. या शर्यतीला ज्यांनीं वाङ्मयाची प्रतिष्ठा दिली त्यांत फ्रेंच टीकाकार रोलाँ बार्त हे एक. १९५७ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या संग्रहांत त्यांनीं तूरकडे वीरकाव्य म्हणून पाहिलें. दृष्टि मोठी, परंतु आम्हांस ती पुरेशी वाटत नाहीं. वीरकाव्यांतील वीर आपल्या पक्षाच्या यशासाठीं लढतो. येथें वीराचा शत्रु त्याच्याच पक्षांत, त्याच्याच टेबलावर जेवावयास बसलेला असतो. हें वीरकाव्य नव्हे, घरांतील नाटक आहे.

घरांतील नाटकाचा आणखी एक अंक १९८५-८६ सालचा. बर्नार इनो आणि ग्रेग लेमाँड हे एकाच संघांत. १९८५ मध्यें इनो पडून त्याचें नाक मोडलें. लेमाँडच्या पायांत बळ असतांना संघाच्या चालकांनीं त्याला आंवरून धरलें. इनो पांचव्यांदा जिंकला आणि पुढील वर्षीं आपण लेमाँडसाठीं राबूं, असें त्यानें जाहीर वचन दिलें. पुढील वर्षीं तो राबला खरा, पण कोणासाठीं तें शेवटपर्यंत कळेना. तो पुनःपुन्हां एकटाच पळे. आणि, मी प्रतिस्पर्ध्यांना दमवीत आहें, हें सारें लेमाँडसाठींच आहे, असें वर सांगे. आल्प द्युएझच्या माथ्यावर दोघांनीं हात धरून रेषा ओलांडली, टप्पा इनोनें घेतला, आणि शर्यत अजून संपलेली नाहीं असें तो लगेच बोलला. कर्णाच्या रथावर शल्य सारथि होऊन बसला आणि लगाम हातांत धरून धन्याचा तेजोभंग करीत राहिला, त्याची येथें आठवण होते. फरक एवढाच कीं, लेमाँड वांचला. ती शर्यत त्यानें तीन मिनिटांहून थोड्या अधिक अंतरानें जिंकली.

कोणी म्हणेल, मग सारा महिमा संघाचाच. एकट्यानें कांहीं होत नाहीं. तसेंहि नाहीं. टोकियो ऑलिंपिकमध्यें २०२१ सालीं महिलांच्या शर्यतींत नेदरलंड्सच्या चौघी उतरल्या होत्या, आणि चौघींपैकीं कोणीहि जिंकली असती तरी आश्चर्य वाटलें नसतें. ऑस्ट्रियाची आना कीझनहोफर एकटी होती; कोणत्याहि व्यवसायी संघाशीं तिचा करार नव्हता, गणिताची ती विदुषी. शर्यत सुरू होतांच ती पळाली. ऑलिंपिकमध्यें कानांत यंत्र लावून सूचना घेण्यास बंदी आहे. चौघींना मागाहून कोण किती पुढें आहे याचा हिशेब राहिला नाहीं. व्हान व्ह्ल्यूटन दुसरी आली ती आपण पहिल्याच, अशा समजुतीनें हात उंचावून. चार बलाढ्य आकांक्षा एकत्र आल्या कीं त्यांची बेरीज होते असें नाहीं. प्रत्येकीनें दुसरीनें पाठलाग करावा म्हणून वाट पाहिली, असाच अर्थ आम्हीं त्या शर्यतीचा लावतों. परंतु अशी शर्यत शंभरांत एक. कानांत यंत्र असलें कीं मागच्या मोटारींतील चालक सर्वांच्या वतीनें विचार करतो, आणि नाटकांतील पात्रांऐवजीं प्रॉम्प्टरचाच आवाज मोठा होतो. देग्रांजनें संघ नाकारून शर्यत खोटी केली. आजचा चालक स्वाराची इच्छाच काढून घेऊन तिला दुसऱ्या बाजूनें खोटी करूं पाहतो.

तरी इच्छा पुरती काढून घेतां येत नाहीं, हें २०२३ च्या स्पेनच्या प्रदक्षिणेंत दिसलें. सेप कुस हा अमेरिकन स्वार जन्माचा साहाय्यक. त्या वर्षीं इटलींत त्यानें रोग्लिचला आणि फ्रान्समध्यें व्हिंगेगार्डला विजयापर्यंत पोंचविलें होतें. स्पेनमध्यें एका टप्प्यांत तो पुढें निसटला आणि नायकाची लाल जर्सी त्याच्याच अंगावर आली. आंग्लिरूच्या भयंकर चढणीवर धुक्यांत त्याचेच दोन धनी त्याला मागें टाकून निघून गेले; तीन आठवड्यांच्या शर्यतींत त्याची आघाडी उरली आठ सेकंदांची. जगभर गिल्ला झाला. दुसऱ्या दिवसापासून दोघे धनी चाकराच्या पुढें वारा कापूं लागले आणि कुस जिंकला. लोकांना हा शेवट गोड वाटला. आम्हांस त्यांत थोडा कडूपणा लागतो. धन्यांना न्याय सुचला तो पायांमुळें नव्हे, लोकलज्जेमुळें.

आतां आपल्या घरचें. अशा प्रसंगीं मराठी वक्ता गजापूरच्या खिंडींतील बाजीप्रभूंचा दाखला दिल्याखेरीज राहत नाहीं. धनी सुखरूप पोंचावा म्हणून मागें उभा राहणारा, हें साम्य वरवर खरें. पण १६६० सालीं खिंडींत लढणाऱ्यांचा धनी एका राज्याचा आधार होता. येथें धन्याच्या छातीवर एखाद्या बँकेची वा कारखान्याची जाहिरात असते. त्यागाचीं मोठीं नांवें अशा ठिकाणीं वापरलीं कीं नांवेंहि स्वस्त होतात आणि प्रश्नहि झांकला जातो. युरोपांतील चाकर त्याग करीत नाहीं, नोकरी करतो. त्याला वर्षाचा पगार आहे. बक्षिसाची रक्कम संघांत वांटली जाण्याची चाल आहे, आणि पुष्कळ विजेते आपला वांटाहि साथीदारांना सोडून देतात. त्याचे पाय विकत घेतलेले आहेत, आणि सौदा उघड आहे. म्हणून त्याच्याकडून मोठी अपेक्षा करण्याचा नायकाला अधिकार पोंचतो.

आमच्याकडे सांगली-कोल्हापूरच्या किंवा पुण्याच्या मुलापुढें कोणता सौदा आहे ? महाराष्ट्र शासनाच्या सेवेंत खेळाडूंना पांच टक्के आरक्षण आहे. रेल्वे आणि सेनादलें खेळाडूंना नोकऱ्या देतात आणि राष्ट्रीय स्पर्धांत आपापले संघ उतरवितात. ही सोय फार मोलाची आहे, तिच्यावर किती घरें उभीं राहिलीं असतील. परंतु तिचें माप पदक हें आहे. रस्त्यावरील शर्यतींत पदकें तीन. शंभर किलोमीटर वारा खाऊन ज्यानें मित्राला घाटाच्या पायथ्याशीं आणलें आणि जो स्वतः चाळिसावा आला, त्याच्या हातांत कांहींच पडत नाहीं. अशा मुलाला संघभावनेचें व्याख्यान देणें सोपें आहे. त्याचा बाप शेतकरी असेल, सायकलचें कर्ज फिटलेलें नसेल. तो आपल्या साथीदाराच्या मागें लपून शेवटच्या दोनशें मीटरांत पुढें निसटला तर त्याला स्वार्थी कोणीं म्हणावें? आमच्या शर्यतींत डाव पिकत नाहीं, सारे एकमेकांकडे पाहत राहतात, असें जाणकार म्हणतात. त्याचें कारण स्वभावांत शोधण्यापूर्वीं तें या हिशेबांत शोधावें. व्हाल्केनबुर्खला दोन कोट्यधीश नायकांनीं जें हट्टानें केलें, तें आमचा मुलगा गरजेनें करतो.

संघ या शब्दाचे दोन अर्थ आपण एक मानतों, हीहि एक अडचण आहे. नाशिकचे डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनीं २०१५ सालीं अमेरिकेचा पश्चिम किनारा ते पूर्व किनारा ही सुमारें अठ्ठेचाळीसशें किलोमीटरांची शर्यत दोघांचा संघ म्हणून नऊ दिवसांच्या आंत पुरी केली. असा पराक्रम करणारा हा पहिला भारतीय संघ. २०१७ मध्यें श्रीनिवास गोकुळनाथ आणि पाठोपाठ नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनीं तीच शर्यत एकट्यानें पुरी केली. महाजन बंधूंच्या पराक्रमाचें कौतुक महाराष्ट्रानें केलें तें योग्यच झालें. पण तो संघ ‘ब्रेकिंग अवे’मधल्या संघासारखा: एक थांबला कीं दुसरा चालवितो, दोघांचें श्रम एकाच वेळेंत जमा होतात आणि यश निम्मेंनिम्में. दोन भावांपैकीं कोणालाहि दुसऱ्याला हरवावयाचें नसतें. व्यवसायी शर्यतींतला संघ याच्या उलट. तेथें एकाचे श्रम दुसऱ्याच्या खातीं जमा होतात. पहिल्या प्रकाराचें कौतुक आम्हांस सहज साधतें, कारण तो कुटुंबासारखा दिसतो. दुसरा प्रकारहि कुटुंबासारखाच आहे, पण तें आम्ही कबूल करीत नाहीं. धाकट्याच्या शिक्षणासाठीं शाळा सोडणाऱ्या थोरल्याच्या कथा आम्ही भक्तिभावानें लिहितों आणि त्या थोरल्याला राग आला होता काय, हें विचारण्याचें टाळतों. रतन येथूनच आला.

डच लेखक टिम क्राबे यांच्या ‘दि रेनर’ या १९७८ सालच्या छोट्या कादंबरींत एका हौशी शर्यतीचें वर्णन किलोमीटरागणिक केलेलें आहे, आणि स्वाराच्या डोक्यांत चाललेला क्षुद्र, लबाड, कधींकधीं उदात्त हिशेब त्यांत जसाच्या तसा उतरला आहे. आमच्या वाङ्मयांत सायकल आली ती बहुधा वाहन म्हणून, गरिबीची खूण म्हणून. तिच्यावर बसलेल्याच्या मनांत शेजारच्याविषयीं काय चाललें आहे, तें आमच्या वाचनांत अजून आलेलें नाहीं. जानेवारी २०२६ मध्यें पुणें जिल्ह्यांत परदेशी संघांसह टप्प्याटप्प्यांची आंतरराष्ट्रीय शर्यत झाली. घांसून पुसून गुळगुळीत केलेले रस्ते, कडेला उभीं राहिलेलीं शाळेंतलीं मुलें, वळणावळणावर पोलिस. आतां हा खेळ आमच्या दारांत आला आहे, तेव्हां त्याचें वाचन तरी नीट व्हावें. मोठ्या कादंबरीची वाट पाहत बसण्याचें कारण नाहीं. मुंबई-पुणें शर्यतीचा निकाल छापतांना विजेत्याच्या नांवाखालीं आमच्या वृत्तपत्रांनीं आणखी एक ओळ घालावी: खोपोलीपर्यंत त्याच्यापुढें कोण होता, आणि तो शेवटीं कितवा आला. ओळ दहाबारा शब्दांची होईल. जागा फार लागणार नाहीं.